इंटरनेटला आपलं गाव दिसतंय का?

आजची गोष्ट सुरू होते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी. माझी ताई तिथं सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आणि त्या आठवड्यात अर्थातच खरिपाचा पीक विमा. मुदत संपायला दोन दिवस, दारात सोयाबीनवाल्यांची रांग, आणि ताईचा फोन: "अरे, पोर्टल उघडंना. नुसतं गोल गोल फिरतंय."

मी पुण्यात, ऑफिसात. सगळे इंजिनिअर विचारतात तेच मी विचारलं, "राउटर बंद करून चालू केलास का?" ताईनं फोन जवळजवळ ठेवलाच.

गंमत बघा. यूट्यूब चालत होतं. स्पीड टेस्ट मस्त शंभरचा आकडा दाखवत होती. पण अर्जाचं पोर्टल, एका बँकेची साईट आणि अजून दोन-चार ठिकाणं काही केल्या उघडत नव्हती. मोबाईल डेटावर तीच ठिकाणं उघडत होती. ताईनं हॉटस्पॉटवर पाच-सहा अर्ज भरलेही, मग टॉवरनं मान टाकली. रांगेतले लोक म्हणायला लागले, "पोरी, तुझंच मशीन खराब हाय." आणि ज्यांच्याकडून आम्ही फायबर घेतो ते दादा म्हणाले, "लाईन क्लिअर आहे. आमच्याकडून काहीच प्रॉब्लेम नाही."

आता, दादा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या जागेवरून खरंच सगळं ठीक दिसत होतं. हाच आजचा विषय आहे.

इंटरनेट हे एक जाळं नाही. ती सत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र जाळी आहेत. प्रत्येकाला एक नंबर असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. मोठ्या मोबाईल कंपनीला असतो तसा आमच्या दादांच्या छोट्या कंपनीलाही आहे. ही जाळी एकमेकांना बीजीपी नावाच्या भाषेत सांगत असतात, "हे हे पत्ते माझ्याकडे आहेत." शेजारी ते ऐकतो आणि पुढच्याला सांगतो, "ते पत्ते हवे असतील तर माझ्यामार्फत जा."

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवा. पुण्याहून कळंबला जायचंय. समजा पुण्याच्या खिडकीला एवढंच माहीत आहे की बार्शीची गाडी धर. बार्शीवाला म्हणेल येरमाळ्याला जा, येरमाळ्यावाला सांगेल पुढचं. सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक एका ठिकाणी ठेवणारं हेड ऑफिस नाहीच. इंटरनेट असंच चालतं.

यातली मेख अशी, की आपल्या राउटरवर बसून बाहेर जायचे रस्ते दिसतात. बाहेरच्यांना आपल्याकडे परत यायचा रस्ता माहीत आहे का, हे घरात बसून दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्याची नजर लागते.

आणि ती नजर जगानं वर्गणी काढून उभी केली आहे. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा राउट व्ह्यूज हा प्रकल्प नव्वदच्या दशकातला. अॅमस्टरडॅमच्या राईप एनसीसी या संस्थेनं १९९९ मध्ये रिस नावाचा असाच प्रकल्प सुरू केला. दोघांचंही काम एकच. ठिकठिकाणी कलेक्टर ठेवायचे, म्हणजे फक्त ऐकणारे कॉम्प्युटर. जगभरातली जाळी स्वतःहून या कलेक्टरशी पिअरिंग करतात.

पिअरिंग हा शब्द तुम्ही ऐकला असेल. नेहमीचं पिअरिंग असतं ट्रॅफिकची देवाणघेवाण करायला. आपल्याकडे निक्सी २००३ मध्ये त्यासाठीच सुरू झालं, भारतातला मेसेज भारतातच जायला परदेशाचा वळसा नको म्हणून. कलेक्टरशी पिअरिंग वेगळं. तिथून एकही व्हिडिओ जात नाही, एकही मेसेज जात नाही. तुमचा राउटर फक्त सांगतो, "माझ्या जागेवरून जगाचे रस्ते असे दिसतात." कलेक्टर ऐकून लिहून ठेवतो, स्वतः काही बोलत नाही. रिसवर बदलांची नोंद दर पाच मिनिटांनी साठते, पूर्ण चित्र दर आठ तासांनी. आणि सगळं सगळ्यांना फुकट.

याचा उपयोग काय? २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारनं यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमनं आपल्या देशापुरतं ते करताना यूट्यूबच्या २५६ पत्त्यांवर "हे माझ्याकडे आहेत" अशी घोषणा केली. ती घोषणा वरच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत बाहेर गेली आणि साधारण दोन तास जगभरातल्या अनेकांचं यूट्यूब पाकिस्तानात जाऊन आपटत होतं. कोणी, किती वाजता, कोणामार्फत, हे मिनिटांच्या हिशोबानं रिसच्या नोंदींतून मांडता आलं. आपल्याकडंही झालंय. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० या जाळ्यातून तीस हजारांहून जास्त चुकीच्या घोषणा बाहेर गेल्या. त्याही अशाच नोंदींत पकडल्या गेल्या.

तर परत ताईकडे. मी राईपस्टॅट उघडलं. मोबाईलच्या ब्राउझरवरही चालतं. त्यातल्या लुकिंग ग्लासमध्ये दादांच्या कंपनीचे पत्ते टाकले आणि बघतच राहिलो. निम्म्याहून जास्त पिअर्सना आमचं गाव दिसतच नव्हतं!

दादांना फोन लावला. "दादा, काल-परवा काही बदललंत का?" आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "तसं काही नाही, उगं लोड वाटून दिला." त्यांच्याकडे १,०२४ पत्त्यांचा एक गट आहे. एक लाईन सोलापूरकडून येते, दुसरी लातूरकडून. दोन्हींवर भार वाटायला त्यांनी गटाचे २५६ चे चार तुकडे केले आणि अख्ख्या गटाची घोषणा बंद केली.

इथं आरपीकेआय येतं. पत्त्यांचा डिजिटल सातबाराच समजा. दादांच्या सातबाऱ्यावर नोंद होती फक्त अख्ख्या गटाची. पोटहिस्स्यांची नोंदच केली नव्हती. जी जाळी सातबारा तपासतात त्यांनी चारही तुकडे नामंजूर केले, जी तपासत नाहीत त्यांनी चालू दिले. म्हणून अर्धं जग उघडं, अर्धं बंद. यूट्यूबसारख्यांचे सर्व्हर बऱ्याचदा वरच्या कंपनीच्या आतच बसवलेले असतात, त्यामुळे ते चालूच होतं.

दादांनी अख्ख्या गटाची घोषणा परत सुरू केली. लुकिंग ग्लासमध्ये एकेक करून ओळी भरायला लागल्या. ब्राझील, जपान, जोहान्सबर्ग. दहा मिनिटांत ताईचा फोन, "उघडलं रे!" पोटहिस्स्यांची नोंद त्यांनी नंतर सावकाश केली. ताईनं त्या रात्री अकरापर्यंत केंद्र उघडं ठेवलं. जे दुसरीकडं गेले होते त्यातले काही परत आले, काही नाही आले. त्यांचे अर्ज भरले गेले की नाही, ताई अजून विचारत असते.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच राहिलं. आम्हाला चूक दिसली ती कुठल्यातरी अनोळखी नेटवर्कवाल्यानं आपली नजर उधार दिली म्हणून. आपण कोणाला दिली?

दिवाळीत गावी गेल्यावर मी दादांना म्हटलं, "आपणही कलेक्टरशी पिअरिंग करू." पहिला प्रश्न बरोबर होता, "गिऱ्हाइकांचा डेटा द्यायचा का?" नाही. कोण काय बघतं हे त्यात नसतंच, फक्त रस्ते असतात. दुसरी अडचण खरी होती. त्यांचा जुना राउटर वरच्या कंपनीकडून एकच ओळ घेत होता, "सगळं माझ्याकडे पाठव." जगाचे रस्ते त्याला माहीतच नव्हते, तर सांगणार काय? पूर्ण यादी साधारण दहा लाख ओळींची, ती त्या राउटरच्या मेमरीत मावत नाही. दादा म्हणाले, "त्यात माझा फायदा काय?"

मी म्हटलं, "जुलैतली रांग आठवा."

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राउटर तसाही बदलायचाच हाय."

मार्चमध्ये बदलला. अर्ज भरला, अॅमस्टरडॅमच्या कलेक्टरशी लांबूनच सेशन जोडलं. आता त्या यादीत एक ओळ आमच्या कळंब तालुक्यातली आहे. उद्या कोणा परक्या गावातली साईट आमच्याकडून दिसेनाशी झाली, तर त्या गावातल्या कोणालातरी ते कळेल.

तुमच्यासाठी एक काम. घरच्या वायफायवर राईपस्टॅट उघडा, तुमचा पत्ता तिथं दिसेल. त्यावरून तुमच्या कंपनीचा एएस नंबर शोधा आणि लुकिंग ग्लासमध्ये बघा, जगाला तुमचं गाव कुठून कुठून दिसतंय. आणि तुमच्या ओळखीचा कोणी छोटा फायबरवाला असेल, तर त्याला हा एपिसोड पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.