बसच्या आरशातून दिसणारी मोटारसायकल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. एसटीत एकतीस वर्षं चालक म्हणून नोकरी केली. तिथे आमच्या डोक्यावरच ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी असते, त्यामुळे बोलायची सवय राहिली नाही. पण कमिटीने विषय दिला तो माझ्या आवडीचा आहे. मोठेपणी मोटारसायकल शिकणाऱ्यांनी सुरुवात कशी करावी, एवढंच बोलायचं आहे.

हा विषय निघाला कारण गेल्या दोन वर्षांत आपल्याच सोसायटीतल्या सात-आठ जणांनी चाळिशी-पन्नाशीत गाडी हातात घेतली. कोणाचा मुलगा परदेशी गेला आणि त्याची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात राहिली. कोणाचं ऑफिस लांब गेलं, रिक्षा परवडेना. आणि डी विंगमधल्या आपल्या एक वहिनी. त्या समोरच बसल्यात, त्यांना विचारूनच सांगतोय. त्यांच्या यजमानांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. दादांची मोटारसायकल कव्हर घालून खाली उभी. औषधं, बँक, सासूबाईंचा दवाखाना आणि स्वतःची नोकरी, सगळं वहिनींवर आलं. लोक म्हणाले, स्कूटर घ्या. त्या म्हणाल्या, घरात गाडी असताना नवीन कर्ज कशाला? वय एकोणपन्नास, आणि आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा मी एकच अट घातली. मी म्हणेन तेव्हाच गेटच्या बाहेर जायचं, त्याआधी नाही. कारण त्या घरात आता हिंडतं-फिरतं माणूस एकच आहे. अठरा वर्षांचं पोर पडलं तर पायाला प्लास्टर घालून सहा आठवडे मोबाइल बघत बसतं. वहिनी पडल्या तर त्या घराचा पगार बंद, औषध बंद, स्वयंपाक बंद. मोठेपणी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच असतं, आपल्यावर कोणीतरी अवलंबून असतं. म्हणून पोरासारखं ‘बस गाडीवर, जमेल’ हे आपल्याला चालत नाही.

मी स्वतः मोटारसायकल शिकलो सत्तेचाळिसाव्या वर्षी. तोवर सायकलवर डेपोत जायचो. डेपोतल्या एका मेकॅनिकने मागच्या आवारात शिकवलं. पोरं हसायची, म्हणायची मामा पन्नास माणसं घेऊन घाट उतरतात आणि एवढ्याशा गाडीला घाबरतात. घाबरायला कारण होतं. बस थांबली की उभी राहते, मोटारसायकल थांबली की पडते. बसला मी चालवायचो, इथे माझं वजन म्हणजेच अर्धी गाडी. आणि लायसनचंही तसंच. माझ्याकडे अवजड वाहनाचा परवाना होता, तरी मोटारसायकलसाठी वेगळी चाचणी द्यावी लागली. कारचं लायसन आहे म्हणून चालतं, विनागिअर स्कूटरचं आहे म्हणून चालतं, असं समजू नका. गिअरच्या गाडीची नोंद वेगळी लागते. उद्या काही झालं तर विमा कंपनी आधी लायसनच बघते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-ए. गाडीला पुढे-मागे लाल अक्षरातला ‘एल’ लावायचा. शिकाऊ लायसनवर मागे कोणाला बसवायचं नाही, शिकवणारा लायसनधारक सोडून. बायकोला भाजीला नेणं हे शिकवण्यात येत नाही. (हशा) आणि घरबसल्या ऑनलाइन परीक्षा असली तर ती स्वतः द्या. मुलाने उत्तरं दिली तर चिन्हं मुलाला कळतात, गाडी तुम्ही चालवता.

आता डॉक्टरांच्या दाखल्याबद्दल. तो नुसता सही-शिक्क्यासाठी घेऊ नका. चाळिशीनंतर रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की पुन्हा नीट दिसायला वेळ लागतो. जवळचा चष्मा लावून गाडी चालवणारे मी पाहिलेत, तसं करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चक्कर येते, सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरांना सरळ विचारा, मी दुचाकी चालवणार आहे, चालेल का?

गाडी कोणती? ज्या गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात ती. शंभर ते सव्वाशे सीसी भरपूर झाली. पन्नाशीत शिकायला निघालेल्या पुरुषांना बुलेट हवी असते, हे मला माहीत आहे. घ्या ना, पण दोन वर्षांनी. दोनशे किलोच्या आसपासची गाडी एकदा कलली की गुडघा तिला सावरत नाही.

वहिनींना पहिले तीन दिवस मी इंजिन चालू करू दिलं नाही. गाडी ढकलत न्यायची, वळवायची, मेन स्टँडवर चढवायची, उतरवायची. त्या वैतागल्या. पण गाडीचं वजन कुठे आहे, ती किती कलली की हाताबाहेर जाते, हे इंजिन बंद असतानाच कळतं. चौथ्या दिवशी किक. पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडायचा, गाडी ओढ घेते ती जागा बोटांना सापडायला हवी. एक्सलेटर न देता, पाय जमिनीवर ठेवून, नुसत्या क्लचवर बी विंगच्या भिंतीपासून पंपापर्यंत. असं चाळीस-पन्नास वेळा. गिअर कसे पडतात ते आपल्या गाडीचं बघून घ्या. बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर, पण काही गाड्यांत सगळे गिअर पुढेच दाबायचे असतात. दुसऱ्याची गाडी घेतली आणि घोटाळा झाला, असं इथेच होतं.

आणि मग थांबणं. शिकवणारे गाडी चालवायला शिकवतात, थांबवायला शिकवत नाहीत. माझं म्हणणं उलटं आहे. ज्याला हव्या त्या जागी थांबता येत नाही त्याने तिसरा गिअर टाकूच नये. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय, पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा होतो. सायकलवरून आलेला समज आहे हा. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होऊन गाडी घसरते आणि थांबायलाही जास्त अंतर घेते. दोन्ही ब्रेक एकदम, पण पुढचा लिंबू पिळल्यासारखा, झटका देऊन नाही. हँडल सरळ असताना. हँडल वळलेलं असेल आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला तर गाडी त्याच बाजूला आडवी होते. पार्किंगमध्ये पडतात ते बहुतेक यामुळेच. सावकाश वळताना हाफ क्लच आणि मागचा ब्रेक हलकेच.

एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आलं, त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडलेली व्यवस्था. दादांची गाडी त्याआधीची, तिला दोन्हीतलं काहीच नाही. म्हणून वहिनींनी खडूची रेघ मारून तिच्यावर पुढचं चाक थांबवायचा सराव केला. वीसच्या वेगाने, मग तीसच्या. चेअरमन साहेबांनी खडूच्या रेघांबद्दल नोटीस काढली होती, ती मी अजून जपून ठेवलीय. (हशा)

वेगाचा एक हिशेब लक्षात ठेवा. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. जवळपास एक आख्खी एसटी. समोर पोर आलं, ते डोळ्यांनी पाहिलं, डोक्याला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही एक एसटी पुढे गेलात. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

आता मी जे एकतीस वर्षं केबिनमधून पाहिलं ते सांगतो. तुम्हाला एवढी मोठी बस दिसते, म्हणून तुम्हाला वाटतं बसवाल्यालाही तुम्ही दिसता. तसं नसतं. बसच्या डाव्या अंगाला चिकटून चालणारी मोटारसायकल आम्हाला बराच वेळ दिसतच नाही. अगदी पुढे, काचेच्या खाली येऊन उभा राहिलेला दिसत नाही. सिग्नलला फटीतून घुसून बसच्या नाकासमोर उभे राहतात ना, ते. मागे अगदी जवळ असलेला तर नाहीच. खूण सोपी आहे. बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि बस डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, आत कापत जातात. पुढचा भाग उजवीकडे गेला म्हणून डावीकडे जागा झाली असं वाटतं, आणि माणूस त्या जागेत शिरतो. ती जागा चार सेकंदांनी बसची असते. आमच्या लोकांचे कित्येक अपघात याच एका कोपऱ्यात झालेत. बसच्या मागे राहा. दोन मिनिटं उशीर होईल.

आपल्या नऱ्हे-आंबेगावच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण सांगतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार नवशिक्यासाठी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने अनेक गाड्यांना धडक दिली, आपण सगळ्यांनी तो आवाज आणि ती गर्दी पाहिली. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक पकड सोडतात. अशी गाडी मागून येत असेल तर तुमचं कौशल्य काही कामाचं नाही. तिथे नसणं हाच उपाय. आणि आपणही उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही, गिअरमध्येच उतरवायची.

हेल्मेटवर मी वाद घालत नाही. आपल्या पुण्यात त्यावर मोर्चे निघालेत, पुढेही निघतील. मी फक्त कसं घ्यायचं ते सांगतो. आयएसआय चिन्ह, क्रमांक आयएस ४१५१. फुटपाथवरचं दोनशे रुपयांचं घेऊ नका. पट्टा लावून मागून वर-पुढे ओढून बघा, डोक्यातून निघालं तर ते तुमच्या मापाचं नाही. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला. हँडलला अडकवलेलं हेल्मेट पोलिसाला दाखवायला ठीक आहे. चप्पल नको, बूट. ओढणी किंवा पदर आधी गाठ मारून घट्ट, मग किक. आणि नातवंडांना घेणार असाल तर चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग चाळीसच्या वर नाही, असा आता नियमच आहे. टाकीवर पुढे बसवून चक्कर मारणं बंद करा. कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

पहिल्या पावसाबद्दल एक. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल पहिल्या सरीत वर येतं. पहिला अर्धा तास चहा प्या. नंतरही चेंबरची झाकणं, पांढरे पट्टे आणि पूल उतरताना साचलेली कच, यांवर ब्रेक नाही आणि वळण नाही. खड्डा दिसला की त्याच्याकडे बघत राहू नका. जिकडे नजर तिकडे गाडी. खड्ड्याच्या बाजूचा रस्ता बघा.

वहिनी पाच आठवडे आवारात होत्या. मग रविवारी सकाळी सहाला आतल्या रस्त्याने, मी मागे माझ्या गाडीवर. मग रोज एकच ठरलेला रस्ता, गर्दी व्हायच्या आत. आरटीओला आठ काढताना पाय टेकला नाही, हे त्यांनी आधी दादांना फोन करून सांगितलं, मला नंतर. दादांना आता शब्द जड जातात, पण त्यांनी तिकडून विचारलं, ‘पुढचा ब्रेक?’ आता त्या बँकेत, दवाखान्यात, नोकरीवर जातात. दादांना मात्र गाडीवर नेत नाहीत, रिक्षाने नेतात. ज्याची एक बाजू धरत नाही त्याला मागे बसवायचं नाही, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच ठरवलं होतं. हायवेला अजून गेलेल्या नाहीत. विचारलं तर म्हणतात, काही अडलं नाही.

घरच्यांसाठी एक विनंती. शिकणाऱ्याला ‘एवढे दिवस झाले, अजून आवारातच?’ असं म्हणू नका. घाई शिकणाऱ्याला नसते, बघणाऱ्यांना असते. गाडी चालवताना फोन करू नका, आणि केला तर उचलला नाही म्हणून रागावू नका.

कमिटीने परवानगी दिलीय, तेव्हा येत्या रविवारपासून सकाळी सहा ते साडेसात बी विंगच्या मागे सराव राहील. त्या वेळेत तिथल्या गाड्या पुढच्या बाजूला लावाव्यात. ज्यांना यायचं आहे त्यांनी वॉचमनकडे नाव आणि शिकाऊ लायसनची झेरॉक्स द्यावी. हेल्मेट आपलं आपण आणायचं. खडू मी आणतो.