पेठेतली जुनी चित्रगृहे

मुंबईच्या गिरगावातील एखादा जुना रहिवासी वाट सांगू लागला, म्हणजे तो अजूनही 'मॅजेस्टिकच्या पुढे' आणि 'सेंट्रलच्या समोर' असेच सांगतो. ऐकणारा तरुण असला तर त्याच्या डोळ्यांपुढे दुकानांच्या इमारती येतात. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र तिकिटाच्या खिडकीपुढली रांग असते, दर्शनी भागावरचा रंगीत फलक असतो आणि दुसरी घंटा झाली की आत शिरणाऱ्या माणसांचा लोंढा असतो. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ होऊन बसले आहेत. ही चित्रगृहे बंद पडली. परंतु पत्ता सांगण्यापुरती ती लोकांच्या तोंडी राहिली.

चित्रपटाच्या इतिहासात गिरगावाचा मान मोठा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली खरी, पण तो खेळ साहेबी वस्तीतला होता. सामान्य माणसाच्या वस्तीत चित्रपट रुजला तो गिरगावात. तेथील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. नाताळात किंवा ईस्टरच्या सुमारास असे पट लावण्याची तेव्हा चाल होती. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहत असताना, आपले राम आणि कृष्ण असेच पडद्यावर केव्हा दिसतील, या विचाराने फाळक्यांच्या मनात घर केले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तोही गिरगावातच, सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. एका चित्रगृहाने मनात बी पेरले आणि जवळच्याच दुसऱ्याने पीक दाखविले. आज ही दोन्ही चित्रगृहे नाहीत.

मॅजेस्टिकची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट तेथे लागला. पडद्यावरची माणसे बोलतात आणि गातात, हे ऐकण्यासाठी एवढी गर्दी लोटली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले, असे सांगतात. पुढल्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' याच पडद्यावर आला आणि मराठी भाषा प्रथमच चित्रपटातून बोलू लागली. आज मॅजेस्टिक उरलेले नाही आणि 'आलम आरा'ही उरलेला नाही. त्याची एकही प्रत कोठे उपलब्ध नाही. घर गेले आणि घरात घुमलेला आवाजही गेला. राहिले ते नाव, आणि तेही चित्रपटाच्या नव्हे तर ग्रंथांच्या आश्रयाने. या सिनेमाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या पुस्तकांच्या एका दुकानाने 'मॅजेस्टिक' हे नाव घेतले आणि मराठी वाचकाच्या घरोघरी पोहोचविले. ते नाव मुळात एका चित्रगृहाचे, हे आज किती वाचकांस ठाऊक असेल?

जवळच्याच सेंट्रलमध्ये १९३६ साली 'संत तुकाराम' लागला आणि वर्षाहून अधिक काळ हलला नाही. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे पुस्तकांतून वाचावयास मिळते. पण त्याचा खरा गौरव सेंट्रलच्या चार आणेवाल्या बाकांवर झाला. ज्यांनी आयुष्यात कधी नाटकाचे तिकीट काढले नव्हते अशी माणसे, विशेषतः वयस्क स्त्रिया, देवदर्शनाला निघाल्याप्रमाणे तेथे जात. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की हात जोडले जात. चित्रगृह आणि देऊळ यांच्यातली सीमा अशी पुसली जाणे कित्येकांना भाबडेपणाचे वाटेल. वाटो, पण त्या बाकांवरचा माणूस दोन तास एकाग्र बसत होता, एवढे तरी मान्य करावयास हवे.

आता पेठेतले चित्रगृह म्हणजे नेमके काय होते, हे पाहू. ते शहराच्या मध्यभागी असलेले, विलायती चित्रपट दाखविणारे, थंड हवेचे भव्य मंदिर नव्हे. ते वस्तीतच असे, चालत जाण्याच्या अंतरावर. घरचे जेवण उरकून, चप्पल पायात सरकवून, शेजाऱ्याला हाक मारून माणसे नऊच्या खेळाला जात. पुढे पिट, मग स्टॉल, वर बाल्कनी आणि कोठे कोठे दोन-चार बॉक्स अशी उतरंड असे. समाजातल्या पायऱ्या तेथेही होत्याच, पण सर्वांचा पडदा एक होता. पिटातला हमाल ज्या विनोदाला हसे, त्याच विनोदाला बाल्कनीतला वकीलही हसे. फरक इतकाच, की हमाल आधी आणि मोठ्याने हसे. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन वादक बसत. पुढे बोलपट आला आणि त्या वादकांची उपजीविका एका रात्रीत गेली. चित्रपटाच्या धंद्यात आपले काम संपल्याचे ऐकणारी ती पहिली माणसे. ती शेवटची ठरली नाहीत.

चित्रगृहाचे खरे स्वामी होते दोघे: दाराशी डोअरकीपर आणि वर खोलीत ऑपरेटर. डोअरकीपरच्या हातातल्या बॅटरीचा प्रकाशाचा ठिपका जमिनीवरून सरकत पुढे जाई आणि उशिरा आलेले कुटुंब त्यामागून चाचपडत चाले. त्याला पेठेतली सर्व मुले नावानिशी ठाऊक असत. शाळा बुडवून आलेला मुलगा त्याला चुकवून आत शिरेल, पण बाहेर पडताना सापडल्याशिवाय राहत नसे.

ऑपरेटर मात्र कोणास दिसत नसे. त्याची खोली म्हणजे भट्टीच. पडद्यावर पडणारा प्रखर प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधील ठिणगीतून निर्माण होई. कांड्या जळत, झिजत, त्यांतले अंतर वाढे आणि पडदा अंधुक होऊ लागे. म्हणून काळ्या काचेतून त्या ज्योतीवर सतत नजर ठेवावी लागे. एका रिळाची लांबी सुमारे १००० फूट. दर सेकंदास २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला ९० फूट, या वेगाने ते अकरा मिनिटांत संपे. दोन रिळे जोडली तरी वीस-बावीस मिनिटांनी एक यंत्र थांबवून दुसरे सुरू करणे भागच असे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका चमके; तो दिसताच दुसऱ्या यंत्राचा खटका दाबायचा, आणि काही क्षणांनी दुसरा ठिपका येताच प्रकाश एका यंत्राकडून दुसऱ्याकडे वळवावयाचा. ही अदलाबदल साधली तर प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. चुकली तर शिट्ट्या आणि बाकांवरच्या थापा. म्हणजे उत्तम काम केले तर कोणाचे लक्ष जाऊ नये, आणि चुकले तर साऱ्या पेठेने शिव्या द्याव्यात, असा तो व्यवसाय. लहान गावांतून एकाच प्रतीवर दोन चित्रगृहे चालत, तेव्हा रिळांचे डबे सायकलवर बांधून एक पोऱ्या या दारातून त्या दारात धावे. वाटेत साखळी निसटली तर नायिका तिकडे विहिरीच्या काठावर तशीच उभी!

पुण्यात मंडईजवळ १९१५ साली गंगाधरपंत पाठक यांनी 'आर्यन' सिनेमा सुरू केला. ते पुण्यातले पहिले चित्रगृह समजले जाते. १९२० च्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' तेथे लागला. पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनविला होता आणि स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली होती. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटे की ते पाहवत नसे. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले, हे ध्यानात घेतले म्हणजे मंडईजवळच्या त्या साध्या वास्तूचे मोल कळते. आर्यन १९८३ साली बंद झाले. पुण्याच्याच विजयानंदमध्ये १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' लागला आणि १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट एकाच पडद्यावर! या काळात जन्मलेले मूल चालू-बोलू लागले असेल.

अप्पा बळवंत चौकानजीकच्या 'प्रभात'ची कथा इंदूरच्या श्रोत्यांना अधिक जवळची वाटेल. ही वास्तू इंदूरच्या सरदार किबे घराण्याने बांधली आणि तिचे मूळ नाव 'किबे लक्ष्मी थिएटर' असे होते. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने ते चालविण्यास घेतले आणि सप्टेंबर १९३४ मध्ये शांतारामबापूंच्या 'अमृतमंथन'ने त्याचा पडदा उघडला. पुढे ऐंशी वर्षे पुणेकरांनी त्याला 'प्रभात' म्हणूनच ओळखले. मराठी चित्रपटाला जेव्हा अन्यत्र कोणी दारात उभे करीत नसे, तेव्हा प्रभातचे दार उघडे असे. भाडेपट्ट्याची मुदत संपून डिसेंबर २०१४ मध्ये प्रभात म्हणून त्याचा शेवटचा खेळ झाला, तेव्हा जुने प्रेक्षक मुलानातवंडांना घेऊन आले होते. सुदैवाने वास्तू पडली नाही. मूळ मालकांनी ती पुन्हा 'किबे लक्ष्मी' या जुन्या नावाने उघडली. पण ते जुने नाव पुणेकरांना नवे वाटले, ही गंमत.

पडद्याचा हा प्रश्न भावनेपुरता नाही. १९७१ साली दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या 'कोहिनूर'मध्ये पडदा मिळेना, तेव्हा शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले. चित्रपट लागला आणि अफाट चालला. एका पडद्यासाठी एवढा झगडा का, याचे उत्तर सोपे आहे: जो चित्रपट पेठेत लागत नाही, तो पेठेपुरता जन्मलाच नाही. आज कोहिनूरच्या जागी दुकानांचे संकुल आहे. दादरचेच 'चित्रा' मे २०१९ मध्ये बंद झाले.

ही चित्रगृहे कोणी मारली? दूरचित्रवाणीचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. मुंबईत ती २ ऑक्टोबर १९७२ ला आली, आणि रविवारी संध्याकाळी चित्रपट दिसू लागताच रस्ते ओस पडू लागले, हे खरे. मागाहून व्हिडिओ आला. गिरणगावात १९८२ च्या संपाने पाळ्यांचे जीवनच उद्ध्वस्त केले. पाळी सुटल्यावर चित्रपटाला जाणारा कामगार गावी परतला. तथापि सारा दोष बाहेरच्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. फाटलेल्या खुर्च्या, त्यांतले ढेकूण, खरखरणारा आवाज, पावसाळ्यात ठिबकणारे छप्पर आणि स्वच्छतागृहाची ती दुर्गंधी! सभ्य स्त्रिया तेथे जाईनाशा झाल्या, त्या उगाच नव्हे. मालक म्हणत, तिकिटातला मोठा वाटा करमणूक कर खातो, दुरुस्ती कशातून करावी? त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. २००१ साली महाराष्ट्रात नव्या बहुपडदा चित्रगृहांना हा कर पहिली ३ वर्षे माफ आणि पुढे २ वर्षे सवलतीने मिळाला. त्याच गल्लीतले जुने एकपडदा चित्रगृह मात्र पूर्ण कर भरत राहिले. तशातच जागेची किंमत इतकी चढली की खेळ दाखविण्यापेक्षा जागा विकणे शहाणपणाचे ठरले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने जुन्या करमणूक कराची जागा घेतली, पण तोवर कितीतरी दारांना कुलपे लागली होती. मार्च २०२० मध्ये महामारीने सर्वच पडदे मिटले. त्यांतले काही पुन्हा उघडलेच नाहीत.

नव्या चित्रगृहात खुर्ची मऊ आहे, आवाज स्वच्छ आहे, रिळांची जागा संगणकातल्या नोंदीने घेतली आहे. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु तेथल्या तिकिटाच्या आणि लाह्यांच्या किमतीत पूर्वीचे एक कुटुंब महिनाभर चित्रपट पाहत असे. पिटातला हमाल तेथे येत नाही. तो आता हातातल्या दूरध्वनीच्या वीतभर पडद्यावर, एकटाच, पाहतो. त्याचे हसणे बाल्कनीतल्या वकिलाला ऐकू जात नाही, आणि वकिलाचे त्याला.

गोव्यात चित्रगृहाच्या नावापूर्वी 'सिने' हा शब्द पोर्तुगीज वळणाने लावण्याची रीत पडली: पणजीचे 'सिने नॅशनल', म्हापशाचे 'सिने अलंकार', मडगावचे 'सिने लता'. त्यांतले 'नॅशनल' केव्हाच बंद पडले. इंदुरात 'रीगल' टॉकीजचा पडदा मिटला, पण रिक्षावाल्याला 'रीगल' म्हटले की तो बरोबर त्या चौकात आणून सोडतो. आणि पुण्यात, जेथे लोकमान्यांनी 'सैरंध्री' पाहिला, त्या आर्यनच्या जागी महापालिकेचे वाहनतळ झाले आहे. मंडईत भाजी घ्यायला आलेला माणूस खिडकीवर पैसे देतो, चिठ्ठी खिशात टाकतो आणि घरी दूरध्वनी करून सांगतो, "गाडी आर्यनला लावली आहे."