परिषद संपल्यानंतरचे कार्य
(मानवी व्यापार प्रतिबंधविषयक सभेत निपाणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मानवी व्यापारास आळा घालण्याचा विचार करण्यासाठी आपण निपाणीत जमलो आहोत, यात विशेष औचित्य आहे. पुण्याच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली आणि १९८० साली निपाणीत. डॉ. बाबा आढाव, प्रा. सुभाष जोशी, प्रा. विठ्ठल बन्ने यांसारख्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला वाचा फोडली. ज्यांच्याविषयी इतरांनीच बोलावे असा प्रघात होता, त्या स्त्रियांना या चळवळीमुळे स्वतःचे व्यासपीठ लाभले.

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या नावाने मुलगी सोडण्याची रूढी आपणांस परिचित आहे. केसांत जट आली की तो देवीचा कौल समजला जाई. वस्तुतः केसांची निगा न राखल्याने जट होते. परंतु दारिद्र्याने गांजलेल्या घरात अंधश्रद्धेला लवकर थारा मिळतो. गळ्यात मण्यांची माळ पडली की मुलीचे लग्न होत नसे आणि तिच्यावर कोणाचे छत्र राहत नसे. अशा मुलीला मुंबई-पुण्याची वाट दाखविणारा दलाल पुष्कळदा ओळखीचाच असे. रूढी आणि व्यापार यांची सांगड पडली ती येथे.

कायदे झाले नाहीत असे नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली स्वतंत्र कायदे केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार मानवी व्यापाराच्या गुन्ह्यात पीडित व्यक्तीची संमती विचारात घेतली जात नाही. "ती आपखुशीने आली" हा बचाव टिकत नाही, हे गावोगावी सांगितले पाहिजे.

तथापि, शिक्षेच्या धाकाने विधी चोरून होऊ लागले, आणि गुन्हा आईबापांवरच येणार म्हणून तक्रारीस कोणी पुढे येईना. कर्नाटक शासनाच्या १९९३-९४ च्या पाहणीत २२,८७३ देवदासींची नोंद झाली. २००७-०८ च्या पाहणीत आणखी २३,७८७ नावे आढळली. नोंदीत नाव नाही तिला साहाय्यही नाही. म्हणून प्रत्येक सुटलेले नाव म्हणजे एक उपाशी घर आहे, हे आपण विसरू नये.

आता प्रसिद्धी अधिकारी या नात्याने स्वतःच्या व्यवसायाविषयी बोलतो. परिषदेचे वृत्त आम्ही देतो, तेव्हा उद्घाटन कोणी केले, आभार कोणी मानले हे सविस्तर येते. पीडित भगिनी काय बोलली, ते एका ओळीत उरकते. याउलट तिचे छायाचित्र मात्र ठळकपणे छापण्याचा मोह होतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहेच. पण कायदा नसता तरी, जी गावात पुन्हा उभी राहू पाहते तिचा चेहरा जगापुढे मांडण्याचा आपणांस काय अधिकार? तिचे म्हणणे छापावे, चेहरा छापू नये.

हा सीमाभाग आहे. मुलगी कोगनोळीच्या पुढे गेली की राज्य बदलते आणि पोलीस ठाणेही बदलते. दलालाला मात्र सीमा अडवीत नाही. म्हणून आपली पत्रके मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत निघावीत आणि मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेच्या यात्रांपूर्वीच ती वाटली जावीत. शाळेतून अचानक नाव कमी झालेल्या मुलीची चौकशी शिक्षकांनी त्याच आठवड्यात करावी. बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक चावडीवर व एसटी स्थानकावर रंगवलेले असावेत.

परिषदेस उपस्थित राहणे हे कार्य नव्हे; तो कार्याचा आरंभ आहे. येथून परतताना प्रत्येकाने आपल्या गावातील एका तरी मुलीच्या शिक्षणाची चौकशी आपल्या अंगावर घ्यावी, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.