ढग गडगडले की मोत्या का लपतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण आजवर पाककृती, बालसंगोपन, घरखर्च अशा विषयांवर पुष्कळ ऐकले. मी मात्र आज एका कुत्र्याविषयी बोलणार आहे. "बाईंना दुसरा विषय सुचला नाही वाटते!" असे कुणाच्या मनात आले असेल. पण ही हकीकत माझ्या एका चुकीची आहे, आणि तशी चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून सहज होण्याजोगी आहे. म्हणून ती सांगण्याचे धाडस करते.

१९९१ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. घरात पूजा मांडलेली, फराळाची ताटे भरलेली आणि बाहेर फटाक्यांचा नुसता कडकडाट चाललेला. आमचा मोत्या पलंगाखाली शिरून थरथर कापत होता. त्या भरात त्याने फरशी घाण केली. पाहुणे यायची वेळ! मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि फरफटत नेऊन मागील दारी पेरूच्या झाडाला बांधले. तासाभराने जाऊन पाहते तो दोरी तुटलेली आणि मोत्याचा पत्ता नाही.

चौथ्या दिवशी तो रेल्वेच्या फाटकाजवळ सापडला. पुढचा पाय मोडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बांधला आणि मला एवढेच विचारले, "बाई, त्याला शिक्षा कशाबद्दल केलीत?" मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचून, विचारून जे समजले तेच आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट कानाची. माणसाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याचा कान ४५,००० च्या आसपास पोचतो, आणि मांजराचा ६०,००० च्याही पुढे. घरधनी कोपऱ्यावर आले की मोत्या दारात हजर, याचे आपण कौतुक करतो. त्याच कानाशेजारी सुतळीबॉम्ब फुटला म्हणजे त्याचे काय होत असेल?

दुसरी गोष्ट शरीराची. एकाएकी मोठा आवाज झाला की शरीर आपोआप पळायच्या तयारीला लागते. काळीज धडधडते, अंग ताठरते, लघवीही आवरत नाही. फरशी घाण होते ती खोडसाळपणाने नव्हे.

दचकतो आपणही. पण वीज चमकली की आपण अंक मोजतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा तीन अंक झाले तर वीज एका किलोमीटरवर, हे आपल्याला कळते. लहान मुलाला आपण सांगतो, "भिऊ नकोस रे, आभाळात म्हातारी हरभरे भरडते आहे." कारण मिळाले की मुलाचे निम्मे भय जाते. मोत्याला म्हातारीची गोष्ट कोण सांगणार? आवाज कशाचा, कोठून येतो, केव्हा थांबेल, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट आठवणीची. १९२४ साली रशियात लेनिनग्राडला मोठा पूर आला. पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. पुढे पूर ओसरल्यावरही, खोलीच्या दाराखालून नुसते पाणी आत सोडले तरी त्यांतली काही भयाने कासावीस होत. आमच्या मोत्याचे तेच झाले. त्या दिवाळीनंतर आभाळ नुसते काळवंडले, वारा सुटला, तरी तो कोपरा धरी.

मग करावे काय? दिवाळीत त्याला उजेडीच फिरवून आणावे. संध्याकाळी आतल्या खोलीत न्यावे, खिडक्या लावाव्या, रेडिओ सुरू ठेवावा. न्हाणीघरात किंवा पलंगाखाली बसला तर बसू द्यावे. ओढून बाहेर काढू नये. गळपट्ट्यावर आपला फोन नंबर लिहावा. जवळ घेतल्याने जनावर अधिकच भित्रे होते, हा समज खरा नाही. भय ही खोड नव्हे, की लाडाने वाढावी. म्हातारपणी एकाएकी आवाजाला भिऊ लागले, तर कुठे दुखते आहे का हे डॉक्टरांना दाखवावे. भीती फार असेल तर तिच्यावर औषधे आहेत. पण ती त्यांनीच द्यावीत, आपल्या डब्यातली गोळी आपण देऊ नये.

आणि ज्यांना घरच नाही त्या गल्लीतल्या कुत्र्यांचे काय? रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा आदेश आहे. तो निदान आपल्या आळीत पाळला जावा. शेपटीला माळ बांधणाऱ्या मुलाचा हात आईनेच धरावा. एखादे कुत्रे भिऊन जिन्याखाली येऊन बसले, तर त्या रात्रीपुरते त्याला हाकलू नये.

मोत्या त्यानंतर सहा वर्षे होता, थोडा लंगडतच. वळवाचा पाऊस गडगडू लागला की मी हातातले काम टाकून त्याच्याजवळ फरशीवर बसत असे. तो माझ्या मांडीवर डोके ठेवी. ज्या हाताने त्याला मारले, त्याच हाताखाली तो विसाव्याला येई. त्याचे मला अजून नवल वाटते, आणि थोडी लाजही.