व्याख्येवाचून यादी

इ. स. १९३४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ९ तारखेस युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर फ्रान्सच्या भेटीसाठी मार्सेय बंदरात उतरला आणि काही मिनिटांतच, भर रस्त्यात, मोटारीत बसला असता त्याचा खून झाला. त्याच्या स्वागतास आलेले फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू हेही त्या गोंधळात झालेल्या गोळीबारात प्राणास मुकले. मारेकरी जागीच सापडला व त्याच दिवशी मरण पावला. पण कटाचे धागे हंगेरी आणि इटली या देशांत जाऊन पोचले. कटवाल्यांना हंगेरीच्या भूमीवर आसरा व हत्यारांचे शिक्षण मिळत होते, अशी तक्रार युगोस्लाव्हियाने जिनिव्हाच्या राष्ट्रसंघापुढे नेली. कटाचे सूत्रधार इटलीत होते. परंतु अपराध राजकीय स्वरूपाचा आहे, या कारणावरून त्यांना फ्रान्सच्या स्वाधीन करण्यास ट्यूरिनच्या न्यायालयाने नकार दिला. शेजारच्या राज्याने आसरा द्यावा, तिसऱ्याने कायद्याचा काथ्याकूट करावा आणि ज्याचा माणूस गेला त्याने जागतिक संस्थेचे दार ठोठवावे, हा क्रम आजच्या श्रोत्यास अनोळखी वाटणार नाही.

या खुनातून दहशतवादाविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार जन्मास आला. १६ नोव्हेंबर १९३७ रोजी जिनिव्हा येथे त्यावर सह्या झाल्या. चोवीस राष्ट्रांनी सही केली. परंतु सहीनंतर जे अनुसमर्थन करावे लागते, ते अखेरपर्यंत एकाच देशाने केले, आणि तो देश म्हणजे हिंदुस्थान. अर्थात हा हिंदुस्थान दिल्लीत व्हाइसरॉय बसलेला हिंदुस्थान होता. बंगाल, पंजाब व महाराष्ट्र या प्रांतांतील क्रांतिकारकांचा बंदोबस्त हा ज्याच्या पुढील नित्याचा प्रश्न होता, त्या सरकारला असा करार हवासा वाटावा यात नवल ते काय? करारातील व्याख्याही त्याच्या सोयीची होती. राज्यसंस्थेविरुद्ध केलेले आणि लोकांच्या मनात दहशत बसविण्याच्या हेतूने केलेले गुन्हे, असा तिचा आशय होता. म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे ते राज्य. प्रजेचा क्रम नंतरचा. पुढे महायुद्ध पेटले, राष्ट्रसंघ बुडाला, आणि तो करार अमलात न येताच इतिहासजमा झाला.

ही जुनी हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, त्या वेळी जी अडचण उभी राहिली ती आजही तशीच उभी आहे. १८९७ साली पुण्यात रँडचा वध करणाऱ्या चापेकर बंधूंना सरकारने फासावर दिले. आज त्यांच्या नावाने चौक ओळखले जातात. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नाव अमेरिकेच्या दप्तरातून पुसले जाण्यास २००८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत नेल्सन मंडेला आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्षपद भूषवून निवृत्तही झाले होते! नव्याने स्वतंत्र झालेली राष्ट्रे दहशतवादाच्या व्याख्येकडे साशंकपणे पाहतात, ती उगाच नव्हे. मात्र या साशंकतेचा आधार घेऊन वाटेल त्या कृत्यावर मुक्तिसंग्रामाचे पांघरूण घालता येते, असेही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत गाठोड्यांवर बसलेली माणसे गोळ्यांनी टिपली गेली. ती कोणत्याही राज्याची प्रतिनिधी नव्हती. कोणताही मुक्तिसंग्राम त्यांच्या रक्ताशी आपले नाते सांगू शकत नाही. व्याख्या करावयाची तर ती अशा माणसापासून सुरू व्हावयास हवी. रशियातील बेसलान येथे शाळेतील मुलांचे हत्याकांड झाल्यावर, ऑक्टोबर २००४ मध्ये, सुरक्षा परिषदेने १५६६ क्रमांकाचा ठराव केला. त्यात नागरिकांवरील अशा कृत्यांचे वर्णन करून, राजकीय वा धार्मिक, कोणत्याही कारणाने त्यांचे समर्थन होऊ शकत नाही, असे म्हटले आहे. तथापि ते वर्णनच राहिले. सर्व राष्ट्रांना बांधणारी व्याख्या ती नव्हे.

व्याख्येचा खरा प्रयत्न भारतानेच केला. १९९६ साली भारताने संयुक्त राष्ट्रसंघापुढे एका सर्वसमावेशक कराराचा मसुदा ठेवला, आणि त्याच वर्षी आमसभेने या विषयासाठी एक खास समिती नेमली. दोन मुद्द्यांवर गाडी रुतली. परकीय अंमलाविरुद्ध लढणाऱ्यांना वगळावे की नाही, हा एक. आणि राज्यांच्या स्वतःच्या सैन्याची कृत्ये या कराराच्या कक्षेत यावीत की नाही, हा दुसरा. मसुद्यातील बहुतेक कलमांवर फारसा वाद नाही. सारे भांडण या दोन अपवादांचे आहे. पण संपूर्ण विषयच त्या अपवादांत सामावलेला असल्याने बाकीच्या एकमताचा उपयोग तेवढाच.

व्याख्या ठरेना, तेव्हा यादी आली. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने १२६७ क्रमांकाचा ठराव संमत केला. तो अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीपुरता होता. ओसामा बिन लादेन याला स्वाधीन करावे यासाठी तो दबाव होता. पुढे अल् कायदा त्यात आली, २०११ साली तालिबानची यादी वेगळी करण्यात आली, आणि २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटचा समावेश झाला. या यादीत ज्याचे नाव येईल त्याची मालमत्ता प्रत्येक राष्ट्राने गोठवावी, त्यास आपल्या देशात प्रवेश देऊ नये आणि त्याच्या हाती शस्त्रे पडू देऊ नयेत, असे बंधन आहे. त्यास अटक करावी किंवा त्याच्यावर खटला भरावा, असे मात्र बंधन नाही. तसेच ही जगातील सर्व दहशतवाद्यांची यादी आहे, हा समजही बरोबर नव्हे. श्रीलंकेच्या तामिळ वाघांवर भारताने १९९२ साली, अमेरिकेने १९९७ साली व युरोपीय संघाने २००६ साली बंदी घातली. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या या यादीत ते कधीच नव्हते, कारण अल् कायदाशी त्यांचा संबंध नव्हता.

यादीचे काम पाहणारी समिती सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांचीच असते, आणि तिचा निर्णय एकमतानेच व्हावा लागतो. नाव सुचविले की ते सदस्यांकडे फिरते. दहा कामाच्या दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर नाव दाखल. हरकत घ्यावयाची नसेल पण विचारास वेळ हवा असेल, तर स्थगिती मागता येते. ती सहा महिने चालते व आणखी तीन महिने वाढविता येते. बैठक बंद दाराआड होते. स्थगिती मागणाऱ्याला जाहीरपणे कारण द्यावे लागत नाही. सचिवालयात ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना ही पद्धत चांगली परिचयाची वाटेल; फायलीवर 'विचाराधीन' असा शेरा मारला की नकाराचे पाप कोणाच्याच माथी येत नाही.

मसूद अझरचे प्रकरण या पद्धतीचा नमुनाच आहे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले भारतीय विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले, आणि प्रवाशांच्या मोबदल्यात भारतीय तुरुंगातून ज्या तिघांची सुटका करावी लागली त्यांतला हा एक. थोड्याच दिवसांत त्याने जैश-ए-मोहम्मद ही संघटना काढली. ऑक्टोबर २००१ मध्ये संघटनेचे नाव यादीत आले. संस्थापकाचे आले नाही! भारताने २००९ साली त्याचे नाव सुचविले. चीनने ते अडविले. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या विमानतळावर हल्ला झाल्यावर भारताने पुन्हा सुचविले. चीनने आधी स्थगिती मागितली, मग ती वाढविली आणि मुदत संपताच वर्षअखेर प्रस्ताव अडविला. २०१७ साली अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी पुढाकार घेतला, निष्पत्ती तीच. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान मारले गेले. त्या महिनाअखेर पुन्हा प्रस्ताव गेला. दहाव्या दिवशी, १३ मार्चला, पुन्हा स्थगिती. अखेर अमेरिकेने हा विषय समितीच्या बाहेर, खुद्द सुरक्षा परिषदेत उघडपणे नेण्याची तयारी चालविली, आणि १ मे २०१९ रोजी चीनने स्थगिती उठविली. नाव दाखल झाले. मात्र दाखल करण्याच्या कारणांत पुलवामाचा उल्लेख नव्हता. अल् कायदाशी संबंध, हे कारण. ज्या घटनेनंतर हा प्रस्ताव पुन्हा गेला, ती घटना कागदावर आलीच नाही. भारतात हा विजय म्हणून साजरा झाला, आणि उल्लेख गाळला गेला म्हणून पाकिस्ताननेही समाधान व्यक्त केले.

यादीत आल्यानंतर काय होते? मुंबई हल्ल्याच्या कटातील एक प्रमुख आरोपी झकी-उर्-रहमान लखवी याचे नाव डिसेंबर २००८ मध्येच दाखल झाले होते. परंतु गोठविलेल्या पैशातून अन्न, औषध यांसारखा आवश्यक खर्च करू देण्याची नियमांत सोय आहे. त्यानुसार डिसेंबर २०२० मध्ये समितीने त्याला दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपये खर्चास परवानगी दिली. अन्नासाठी पन्नास हजार, औषधांसाठी पंचेचाळीस हजार, वीज-पाण्याच्या आकारासाठी वीस हजार, वकिलासाठी वीस हजार आणि प्रवासासाठी पंधरा हजार, असा त्याचा तपशील होता. हिशेब चोख आहे. याच लखवीला पुढच्याच महिन्यात पाकिस्तानात अटक झाली व दहशतवादास पैसा पुरविल्याबद्दल शिक्षाही झाली. पण ती समितीच्या भीतीने झाली असे मानणे कठीण. पॅरिस येथे कचेरी असलेल्या, पैशाच्या गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने जून २०१८ पासून पाकिस्तानला आपल्या करड्या यादीत ठेवले होते. त्यामुळे परदेशी बँकांशी व्यवहार करणे त्या देशास अवघड जाऊ लागले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची त्यातून सुटका झाली. राज्यांना संघटनांच्या यादीपेक्षा स्वतःचे नाव असलेली यादी अधिक बोचते.

नाणे उलटून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. यासिन काडी हा सौदी व्यापारी. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याचे नाव यादीत घातले गेले आणि युरोपातील त्याची मालमत्ता गोठली. आरोप काय, पुरावा कोणता, हे त्याला कोणी सांगितले नाही. विचारावयाचे कोणाला, हेही ठरलेले नव्हते. ३ सप्टेंबर २००८ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, सुरक्षा परिषदेचा आदेश असला तरी बचावाची संधी दिल्यावाचून माणसाची मालमत्ता अडकवून ठेवता येणार नाही. या निर्णयाचा धक्का न्यूयॉर्कपर्यंत पोचला. २००९ अखेर लोकपालाच्या धर्तीवर एका स्वतंत्र अधिकाऱ्याची योजना करण्यात आली, आणि २०१२ साली काडीचे नाव वगळले गेले. मुंबईच्या मृतांना न्याय मिळावा असे ज्यांना वाटते त्यांनी या निर्णयाने अस्वस्थ होऊ नये. बंद दाराआड, कारण न देता ज्या समितीत नाव अडविता येते, त्याच समितीत तसेच ते घालताही येते. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

दरम्यान संघटनाही स्वस्थ बसत नाहीत. लष्कर-ए-तोयबा मे २००५ मध्ये यादीत आली, तोपर्यंत तिचे काम जमात-उद्-दावा या नावाने चालू झाले होते. डिसेंबर २००८ मध्ये ते नावही नोंदले गेले. २०१९ साली काश्मीरात 'द रेझिस्टन्स फ्रंट' असे अगदी निराळ्या वळणाचे नाव धारण केलेला गट पुढे आला. भारताने जानेवारी २०२३ मध्ये लष्करचाच मुखवटा म्हणून त्यावर बंदी घातली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस माणसे मारली गेली. या गटाने प्रथम जबाबदारी स्वीकारली आणि मग कानांवर हात ठेवले. सुरक्षा परिषदेने निषेधाचे पत्रक काढले, त्यात गटाचे नाव नव्हते. जुलैमध्ये अमेरिकेने त्यास दहशतवादी संघटना म्हणून जाहीर केले, आणि त्याच महिन्यात समितीच्या देखरेख पथकाच्या अहवालात ते नाव प्रथमच छापून आले. अहवालातून यादीत जाण्यासाठी पंधराही सदस्यांची संमती लागते; आणि २०२५ व २०२६ या दोन वर्षांसाठी त्या पंधरांमध्ये पाकिस्तानचीही निवड झालेली होती.