गुरूची सही आणि खेळाडूचे मौन

(उपनगरातील पालक व क्रीडाशिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पहाटेच्या पहिल्या-दुसऱ्या लोकलने बोरिवलीहून किंवा मुलुंडहून निघणारी मुले-मुली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. खांद्यावर पिशवी, डोळ्यांवर अर्धवट झोप, आणि डब्यात आईने रात्रीच भिजत घातलेले बदाम किंवा मोड आलेली मटकी. कोणी अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात उतरते, कोणी कांदिवलीला क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात जाते, तर कोणी आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर धावायला. ज्या घरात मुलीला रात्री आठनंतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटी पाठवत नाहीत, तेच घर तिला पंधरा दिवसांच्या शिबिराला परगावी निःशंकपणे पाठवते. ‘सर बरोबर आहेत ना?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या होकारार्थी उत्तराने सर्व काळजी मिटते.

हा विश्वास आपल्या संस्कारातून आलेला आहे आणि तो मोलाचा आहे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी किती मुलांच्या आयुष्याचे सोने केले, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. मैदानावर उन्हात उभे राहून, प्रसंगी स्वतःच्या खिशातून मुलांना बूट घेऊन देणारे शेकडो प्रशिक्षक आजही आहेत. आजचा विषय त्यांच्या विरोधातला नाही. किंबहुना त्यांच्याच प्रतिष्ठेसाठी तो मांडावा लागतो आहे. प्रशिक्षकाने मर्यादा ओलांडली तर खेळाडूने कोणाकडे जायचे, आणि गेल्यावर तिचे काय होते, हा तो विषय आहे.

यातील दुसरा भाग अधिक गंभीर आहे. गैरवर्तन एका माणसाचे असते. तक्रारीनंतरचा सूड मात्र एकट्याने घेता येत नाही. त्याला संस्था लागते, कार्यालय लागते, आणि गप्प बसणारे सहकारी लागतात.

प्रशिक्षकाच्या हातात नेमके काय असते ते पाहावे. संघाची यादी त्याच्या हातात असते. शिबिराला कोण जाणार, अंतिम सामन्यात कोण राखीव बसणार, हे तो ठरवतो. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, महाविद्यालयीन प्रवेशात खेळाडूंच्या जागा आहेत. या सर्वांसाठी जो सहभागाचा आणि यशाचा कागद लागतो, त्याचा उगम अखेर त्या संघयादीतच असतो. म्हणून सूड उगवण्यासाठी धमकी द्यावी लागत नाही. मुलगी ‘फॉर्मात नाही’ एवढे म्हटले की पुरते. तिला वगळण्याचे कारण तांत्रिक असते आणि तांत्रिक कारणाला पालकापाशी उत्तर नसते. विद्यापीठ स्पर्धेचा एक हंगाम गेला की वर्ष जाते आणि पदवीची तर तीन-चारच वर्षे असतात.

हे किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण हरियाणातील पंचकुला येथे घडले. रुचिका गिरहोत्रा ही चौदा वर्षांची मुलगी टेनिस शिकत होती. राज्य टेनिस संघटनेचे अध्यक्षपद एस. पी. एस. राठोड या पोलीस महानिरीक्षकाकडे होते. मुलीला विशेष प्रशिक्षण देऊ, असे वडिलांना सांगून 12 ऑगस्ट 1990 रोजी त्याने तिला कार्यालयात बोलावले. बरोबर आलेल्या मैत्रिणीला काही निमित्ताने बाहेर पाठवले आणि रुचिकाचा विनयभंग केला. मैत्रीण परत आली तेव्हा तिने ते पाहिले. दोन्ही कुटुंबांनी तक्रार केली. तत्कालीन पोलीस महासंचालक आर. आर. सिंग यांनी चौकशी केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राठोडवर ठपका ठेवणारा अहवाल दिला. म्हणजे व्यवस्थेतील एका माणसाने आपले काम चोख केले होते. पण अहवाल फायलीत राहिला आणि सूड सुरू झाला.

त्याच महिन्यात रुचिकाला शाळेतून काढण्यात आले. कारण दाखवले गेले ते फी थकल्याचे! ‘तांत्रिक कारण’ म्हणतात ते हेच. पुढे तिच्या भावावर मोटारचोरीचे गुन्हे एकामागून एक दाखल झाले आणि ऑक्टोबर 1993 मध्ये त्याला अटक झाली. त्या गुन्ह्यांतून तो नंतर सुटला. डिसेंबर 1993 मध्ये रुचिकाने विष घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. प्राथमिकी नोंदली गेली ती 1999 च्या डिसेंबरात आणि दरम्यानच्या काळात राठोड हरियाणाचा पोलीस महासंचालक झालेला होता. निकाल लागला 21 डिसेंबर 2009 रोजी. शिक्षा सहा महिने आणि दंड एक हजार रुपये. देशभर संताप उसळला, अपिलात शिक्षा दीड वर्षाची झाली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण भोगलेला सुमारे सहा महिन्यांचा तुरुंगवास पुरेसा मानला.

या प्रकरणात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रुचिकाच्या मैत्रिणीचे आई-वडील, आनंद आणि मधू प्रकाश, हे परके लोक होते. मुलगी त्यांची नव्हती. तरीही त्यांनी ही लढाई जवळजवळ वीस वर्षे लढवली आणि त्यांच्या मुलीने, साक्षीदार म्हणून, आपली जबानी फिरवली नाही. शेजारधर्म हा शब्द आपण सहज वापरतो. त्याची किंमत या कुटुंबाने मोजली.

आपल्या जवळ, गोव्यात, 2019 च्या सप्टेंबरमध्ये वेगळ्या प्रकारचे प्रकरण उघड झाले. पश्चिम बंगालमधील पंधरा वर्षांची जलतरणपटू सरावासाठी गोव्यात आली होती. तिच्या प्रशिक्षकाच्या कृत्याची चित्रफीत बाहेर आली. तत्कालीन केंद्रीय क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी जाहीरपणे कारवाईची भाषा केली आणि या माणसाला देशात कुठेही काम मिळता कामा नये, असे जलतरण महासंघाला सांगितले. गोवा जलतरण संघटनेने त्याचा करार रद्द केला आणि काही दिवसांतच पोलिसांनी त्याला दिल्लीत पकडले. कारवाई त्वरित झाली, हे चांगलेच झाले. पण चित्रफीत नसती तर? मुलीच्या नुसत्या शब्दावर हे सारे इतक्या वेगाने झाले असते का? हा प्रश्न प्रत्येक क्रीडासंस्थेच्या कार्यकारिणीने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

2023 मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांच्यासारखे नामांकित कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले, ते सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. तेव्हाचे कुस्ती महासंघाचे अध्यक्ष व भाजपचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावरील आरोपांची प्राथमिकी, खेळाडू सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतरच एप्रिल 2023 मध्ये नोंदली गेली. अल्पवयीन मुलीच्या नावे झालेली तक्रार पुढे मागे घेतली गेली आणि 2025 मध्ये न्यायालयाने ते प्रकरण बंद केले. इतर महिला कुस्तीगीरांच्या तक्रारींवर 2024 मध्ये आरोप निश्चित झाले. ते आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि निवाडा न्यायालयानेच करायचा आहे. पण आरोपी कोणत्या पक्षाचा आहे हे पाहून आपले मत बनवायचे असेल, तर चारित्र्याविषयी बोलण्याचा अधिकार आपण आपल्या हातानेच घालवतो, हे येथे स्पष्ट बोलले पाहिजे. ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्यांना पदपथावर बसावे लागते, तर अंधेरीच्या महाविद्यालयातील एखाद्या कबड्डीपटू मुलीने कोणत्या दाराशी जावे?

दार आहे. ते कोठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. 2013 च्या कायद्याने ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश केला आहे. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम आहेत. त्यांनुसार परिसर म्हणजे केवळ महाविद्यालयाची इमारत नव्हे. सहली, शिबिरे, क्रीडास्पर्धा ज्या ठिकाणी होतात ती सर्व ठिकाणे त्यात येतात. म्हणजे ‘हे महाविद्यालयाबाहेर घडले, आमचा संबंध नाही’ असे प्राचार्यांना म्हणता येत नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर अंतर्गत तक्रार समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असावे लागतात. तक्रार साधारणतः तीन महिन्यांत करावी लागते, सबळ कारण असल्यास मुदत वाढते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार मुलीच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. खेळाच्या भाषेत याचा अर्थ असा की, संघनिवड त्याच्या हातून काढून घेता येते. सुडाची मुळी तिथेच तोडता येते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, आणि अकरावी-बारावीच्या मुली असतातच, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरतो. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण दाबणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

कायदा कागदावर असणे आणि समिती प्रत्यक्षात असणे यात अंतर आहे. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात निकाल देताना एका वृत्तपत्रीय पाहणीची दखल घेतली होती. तीनुसार 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 महासंघांत अशी समितीच स्थापन झालेली नव्हती. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचे धोरण संघटनांना आखावे लागणार आहे. ते तालुक्याच्या आणि महाविद्यालयाच्या मैदानापर्यंत किती पोहोचते, ते पाहावे लागेल.

त्याच निकालाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. न्यायालयाने त्या प्राध्यापकाची बडतर्फी रद्द केली, कारण समितीने चौकशी अति घाईने उरकली, त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. चौकशी पुन्हा करण्यास सांगितले. तक्रार म्हणजे निकाल नव्हे. संघात न घेतल्याच्या रागातून एखाद्या सज्जन शिक्षकावर किटाळ येऊ शकते, ही क्रीडाशिक्षकांची भीती अगदीच निराधार नाही. पण त्यावरचा उपाय तक्रारी दडपणे हा नव्हे. नीट, नियमाने चाललेली चौकशी निर्दोष माणसालाही तारते. अर्धवट आणि घाईची चौकशी दोघांचेही नुकसान करते, आणि खऱ्या अपराध्याला पळवाट मिळते ती निराळीच.

अमेरिकेच्या समृद्ध विद्यापीठांत तरी वेगळे चित्र असेल, असे वाटणाऱ्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण पाहावे. लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्सच्या खेळाडूंवर उपचार करणारा डॉक्टर. 1997 मध्येच एका मुलीने विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेच्या कानावर ही गोष्ट घातली होती, असे तिने नंतर सांगितले. 2014 च्या चौकशीत तो निर्दोष सुटला. जानेवारी 2018 मध्ये न्यायालयात दीडशेहून अधिक स्त्रियांनी एकामागून एक उभे राहून आपली कैफियत मांडली, विद्यापीठाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले आणि विद्यापीठाला 50 कोटी डॉलरची भरपाई मान्य करावी लागली. एका मुलीचे म्हणणे 1997 मध्ये शांतपणे ऐकून घेण्यास काहीच खर्च आला नसता.

आपल्याकडे ‘गुरूविषयी शंका घेऊ नये’ असे म्हणण्याची प्रथा आहे. पण समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात आधी गुरुलक्षणांचा समास घातला आहे आणि शिष्यलक्षणांचा त्यानंतर. हा क्रम सहज आलेला नाही. पारख आधी गुरूची. क्रीडाक्षेत्रातील सर्वोच्च प्रशिक्षक-पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे आणि त्या नावाबरोबर एकलव्याचा अंगठाही आठवतो, याचाही कधीतरी विचार व्हावा.

पालकांच्या वाट्यालाही काही येते. अमुक गुण जातील, नोकरीची संधी जाईल, म्हणून ‘एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू’ असे मुलीला सांगणारे आई-वडील आपल्याच सोसायट्यांत राहतात. एखादी मुलगी एकाएकी सरावाला जाणे टाळते, आवडता खेळ सोडते म्हणते, तेव्हा तिला आळशी ठरवण्यापूर्वी दहा मिनिटे तिच्याजवळ बसावे. प्रवेश घेताना वसतिगृहाची फी विचारतो, तसे तक्रार समितीतील सदस्यांची नावे विचारावीत. शिबिराला बरोबर महिला व्यवस्थापक आहे का, मुक्कामाच्या खोल्या कशा आहेत, हे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. चांगल्या प्रशिक्षकाला तर अशा प्रश्नांचा आनंदच होतो.

संस्था खेळाडूच्या मागे उभी राहिली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राला परके नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड होताना आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, अशी खाशाबा जाधवांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी जिंकली. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. कांस्यपदक घेऊन खाशाबा कराडला परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.