सहलीतील मुले आणि खवळलेला समुद्र



नांदेड-लातूरकडील मुलास मोठ्या पाण्याची ओळख असते ती गोदावरी, मांजरा वा तेरणा यांच्या पुराची. पूर चढू लागला म्हणजे घाटाच्या पायऱ्या एकामागून एक बुडतात आणि काठावरील माणसास मागे सरण्यास बहुधा अवधी मिळतो. हीच समजूत घेऊन मूल सहलीत कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहते, आणि तेथेच ते फसते.

समुद्राची लाट येते व परत जाते. काही मिनिटे लहान लाटा आल्या की पाणी येथवरच पोचते, असे पाहणारास वाटू लागते. परंतु लाटांचे थवे असतात. मध्येच एखादी मोठी लाट आधीच्या सर्व लाटांना मागे टाकून खडकावर चढते, उभ्या माणसास पाडते आणि परतताना ओढून नेते. आकाश निरभ्र असले तरी दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा किनाऱ्यास येऊन थडकतात. त्यांच्या पूर्वसूचना देणारे केंद्र समुद्रापासून दूर, हैदराबादेस आहे, हे मुलांस सांगितल्यास नवल वाटेल. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तो काही पावसाळा नव्हता.

म्हणून खवळलेला समुद्र पाहावयाचा तो उंचावरून, कोरड्या जागेवरून, मागची वाट मोकळी ठेवून. ओला खडक दिसला म्हणजे तेथवर लाट येऊन गेली, हे मुलांनी ओळखावे. शेवाळलेले खडक, धक्के व बंधारे सर्वस्वी वर्ज्य. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र घेण्याच्या वेळी शिक्षकच सैल पडतात, हे कटू असले तरी खरे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. तेव्हा सहलीचा दिवस ठरविताना पंचांगही पाहावे. चक्रीवादळाचा इशारा असल्यास पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांची छपरे उडाली व झाडे उन्मळून पडली.

कोणी ओढले गेल्यास मागोमाग उडी घेऊ नये. दोर अथवा तरंगणारी वस्तू फेकावी, स्थानिक कोळी बांधवांस हाक द्यावी व ११२ या क्रमांकावर कळवावे.

मुलांस नुसते ‘मागे व्हा’ म्हटल्याने ती मागे होत नाहीत. त्यांस उंचावर बसवून, घड्याळ लावून, दहा मिनिटांत किती लाटा आल्या आणि सर्वांत वर चढलेली कितवी, हे वहीत लिहावयास लावावे. मग पुढील दहा मिनिटांचीही नोंद घ्यावी. दोन्ही आकडे क्वचितच जुळतात.